टाइनमच्या शाळेतल्या खुंट्या

(दृश्य: शाळेची भिंत. ओळीने खुंट्या. कॅमेरा एकेका नावावरून सरकत जातो.)

कोट अडकवायच्या खुंट्या. प्रत्येकीपाशी एका मुलाचं नाव. पलीकडे वर्गात बाकं मांडलेली, बाकांवर वह्या उघड्या. एका वहीत रानफुलांचे धडे, दुसरीत पक्ष्यांचे. मधली सुट्टी झाली आहे आणि पोरं आत्ता ओरडत परत येतील, असं वाटावं.

ती काही येणार नाहीत.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये, टाइनम नावाचं गाव आहे. 'आहे' म्हणावं की 'होतं', इथूनच पंचाईत सुरू होते. घरांच्या भिंती उभ्या आहेत, छपरं गेली. चर्च शाबूत आहे, शाळा शाबूत आहे. राहायला मात्र कुणी नाही, डिसेंबर १९४३ पासून.

(दृश्य: गावातून समुद्राकडे जाणारी पायवाट. वाऱ्याचा आवाज.)

गावातल्या पोरांचं अर्धं बालपण या वाटेवर गेलं. वीस-पंचवीस मिनिटं चाललं की वरबॅरोचा उपसागर. तिथे कोळ्यांची दोन-चार घरं. त्यांची मासेमारी पाहिली तर कोकणातला माणूस लगेच म्हणेल, अरे, ही तर रापण! उन्हाळ्यात मॅकरल, म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद, थव्याने किनाऱ्याजवळ यायचा. एक जण वर कड्यावर नजर लावून बसायचा. पाण्याचा रंग बदलला, थवा दिसला, की तो वरूनच हाका घालायचा. खाली होडी सुटायची, जाळं अर्धगोल फिरायचं आणि मग दोन्ही टोकांना माणसं लागून ते वाळूवर ओढायची.

इथे वाढलेल्या माणसांनी म्हातारपणी गावाविषयी सांगितलं, ते बरंचसं असंच: समुद्र, मासे, मोकळं रान. वीज नव्हती, बहुतेक घरांत नळ नव्हता, पाणी चर्चजवळून भरून आणायचं. हेही सांगायची, पण हसत हसत. पाण्याच्या बादल्या आईने वाहिल्या असतील, तर आठवण गोड राहायला अडचण कसली?

(दृश्य: पोस्ट ऑफिससमोर टेलिफोनची पांढरी खोकी.)

गावात पोस्ट ऑफिस होतं. १९२९ साली त्याच्या दारात टेलिफोन आला. ही खोकी मात्र तेव्हाची नव्हे. मूळची १९८०च्या दशकात एका चित्रीकरणात मोडली, म्हणून तशाच बनावटीची दुसरी आणून बसवली. हरवलेल्या गावाची राखण करतानाही असे अपघात होतात.

(दृश्य: पुन्हा शाळा. फळा.)

आता या वर्गाबद्दल एक गोष्ट. आलेले पाहुणे इथे हळू आवाजात बोलतात. युद्ध आलं आणि पोरं वह्या टाकून गेली, असं त्यांच्या मनात असतं. माझ्याही होतं. पण ही शाळा युद्धाने बंद पाडलेली नाही. ती बंद झाली १९३२ साली, युद्धाच्या सात वर्षं आधी, आणि कारण अगदी साधं होतं: मुलंच उरली नव्हती. वरबॅरोचं तटरक्षकांचं ठाणं हललं, त्यासोबत त्यांची कुटुंबं गेली. शेतावरची कामं कमी झाली. पट घसरत घसरत हाताच्या बोटांवर आला. राहिलेली मुलं कॉर्फ कासलच्या शाळेत जाऊ लागली. आज दिसतो तो वर्ग नंतर कुणीतरी मायेने पुन्हा मांडलेला आहे.

म्हणजे गाव आधीच हळूहळू रिकामं होत होतं. लष्कराने ते एका महिन्यात केलं.

(दृश्य: चर्चचा दरवाजा.)

शेजारच्या ललवर्थला पहिल्या महायुद्धापासून रणगाड्यांचा सराव चालायचा. १९४३ च्या नोव्हेंबरात, फ्रान्सवरच्या चढाईची तयारी चालू असताना, सराव वाढवायला जागा हवी झाली. १६ नोव्हेंबरची पत्रं घरोघर आली: १९ डिसेंबरपर्यंत घर सोडा. गाव आणि आसपासची मिळून २२५ माणसं. ऐन नाताळाच्या तोंडावर निघाली. बहुतेक जण भाडेकरू, जमीन जमीनदाराची. त्यामुळे भरपाई मिळाली ती परसातल्या भाजीपाल्याची.

जाताना चर्चच्या दारावर एक चिठ्ठी लावली होती. चर्च आणि घरं जपून वापरा, आमच्या पिढ्या इथे गेल्या आहेत, युद्ध जिंकायला हातभार म्हणून आम्ही घरं दिली, एक दिवस परत येऊ, अशा अर्थाची. तिच्यात राग नाही. मला ती वाचताना राग आला, कारण पुढचं मला ठाऊक होतं. १९४८ साली सरकारने सक्तीने जमीन विकत घेतली आणि गाव लष्कराकडेच राहिलं. काही कुटुंबांना पुढे वेअरहॅमजवळ नवी सरकारी घरं मिळाली. त्यांत न्हाणीघर होतं, नळाला पाणी होतं. ते सुख खोटं म्हणणारे आपण कोण?

(दृश्य: बिनछपराच्या घरावरून उडणारे पक्षी. गवतावर फुलपाखरू.)

१९७० च्या दशकात, बराच आवाज उठल्यावर, वाटा लोकांसाठी खुल्या झाल्या. बहुतेक शनिवार-रविवारी येता येतं. इतकी वर्षं नांगर नाही, कीटकनाशकं नाहीत. त्यामुळे टेकड्यांवर फुलपाखरं आणि रानफुलं भरपूर. त्या वहीतला निसर्गाचा धडा खिडकीबाहेर चालूच आहे, दूर तोफगोळ्यांनी खणलेल्या खड्ड्यांसकट.

इथली मुलं म्हातारी होऊन परत यायची. आपलं घर कोणतं, चूल कुठे होती, हे नातवंडांना दाखवायची. काही जण शाळेत येऊन भिंतीवर आपलं नाव शोधायची.

(दृश्य: संध्याकाळ. गाड्या निघतात. फाटक बंद होतं.)

उद्या सोमवार. सकाळी टेकडीवर गोळाबाराच्या इशाऱ्याचा लाल बावटा चढेल.