मॉरिशसचा ऊस कोणी वाढवला?

श्रोतेहो, नमस्कार.

मॉरिशस म्हटलं की आपल्याला तिथला गणेशोत्सव आठवतो आणि मुंबई बंदरातून जहाजानं तिकडे गेलेले मराठी मजूर आठवतात. ते गेले 1834 नंतर. पण ज्या उसात ते उतरले, तो ऊस त्यांच्याआधी शंभर वर्षं ज्यांनी वाढवला, त्यांच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

या बेटावर मुळात वस्तीच नव्हती. डचांनी 1639 साली जावाहून ऊस आणला, पण साखरेचा धंदा उभा राहिला फ्रेंचांच्या अमलात. ला बूर्दोने हा गव्हर्नर 1735 साली आला. पोर्ट लुईचं बंदर, रस्ते, लष्करी इस्पितळ हे सगळं त्यानं बांधलं, असं म्हणायची पद्धत आहे. दगड घडवले आणि वाहिले ते मादागास्कर, मोझांबिक आणि काही प्रमाणात भारतातूनही विकत आणलेल्या माणसांनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावरच्या दर पाच माणसांत चार गुलाम होते.

ही जमीन ज्वालामुखीच्या दगडांची. आधी हातानं धोंडे वेचायचे, त्यांचे ढीग रचायचे, मगच लागवड. तसले ढीग आजही उसाच्या मधोमध उभे दिसतात. आणि तोडलेला ऊस लगेच गाळावा लागतो, नाहीतर रस आंबतो, हे आपल्याकडच्या गुऱ्हाळवाल्यांना सांगायला नको. त्यामुळे हंगामात चरक रात्रीही थांबत नसे आणि माणसांनाही थांबता येत नसे.

पळून गेलं तर? 1723 च्या फ्रेंच कायद्यात गुलाम म्हणजे जंगम मालमत्ता होती. महिनाभर बेपत्ता राहिलेल्याचे कान कापायचे आणि खांद्यावर डाग द्यायचा. दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर तोडायची. तिसऱ्यांदा देहदंड. तरीही माणसं पळत राहिली, ल मॉर्न डोंगराच्या कड्याकपारींत लपत राहिली. या धैर्यापुढे मी नतमस्तक होतो.

1810 साली बेट इंग्रजांकडे गेलं. 1825 साली इथल्या साखरेवर इंग्लंडात लागणारी जादा जकात उठली आणि काही वर्षांतच उत्पादन दुपटीहून अधिक वाढलं. इंग्रजांनी गुलामांच्या व्यापारावर 1807 सालीच बंदी घातली होती, तरी चोरून माणसं आणली जातच होती.

1 फेब्रुवारी 1835 रोजी गुलामगिरी संपली. तेव्हा सुमारे 66 हजार माणसं गुलाम होती. ब्रिटिश सरकारनं भरपाई दिली, या बेटापुरती वीस लाख पौंडांहून थोडी जास्त. ती मिळाली मालकांना. राबणाऱ्यांना एक पैसा नाही, जमिनीचा तुकडा नाही, उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली 1839 पर्यंत त्याच मालकाकडे सक्तीचं काम. मला हा सगळ्यात मोठा अन्याय वाटतो. मालकांच्या हाती आलेल्या या पैशानं मळे पुढे चालले, यंत्रं आली, भारतातून करारावर मजूर आले, आणि अनेकांना राहायला मिळाल्या त्या गुलामांच्याच रिकाम्या झालेल्या वस्त्या. आपल्या माणसांच्या हालांची गोष्ट इथे या जुन्या गोष्टीला जोडली जाते.

सुटलेल्या बहुतेकांनी मळे सोडले. कोणी किनाऱ्यावर मासेमारी केली, कोणी गावाबाहेर झोपडी घातली. त्यांच्या वंशजांना आज क्रिओल म्हणतात. 2009 साली मॉरिशस सरकारनं गुलामगिरी आणि करारी मजुरीच्या परिणामांची चौकशी करायला सत्य आणि न्याय आयोग नेमला, तेव्हा त्याच्यापुढे हातच्या गेलेल्या जमिनींची गाऱ्हाणी घेऊन अनेक कुटुंबं आली.