सरांना फोन कधी करायचा?

(दृश्य: रात्रीचा वॉर्ड, जमिनीवर घातलेल्या गाद्या)

सरकारी मेडिकल कॉलेजचा मेडिसिन वॉर्ड. आज या युनिटचा इमर्जन्सी डे, म्हणजे तातडीचे पेशंट यांच्याकडेच येणार. खाटा केव्हाच भरल्या. रात्रभर सगळं बघणार आहे पहिल्या वर्षाची ज्युनिअर रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर), जेआर-वन. तिच्यावर जेआर-टू, जेआर-थ्री, मग सिनियर रेसिडेंट, लेक्चरर आणि सर्वांत वर युनिट हेड. ही उतरंड कुठं लिहिलेली नाही, पण एकही पायरी ओलांडायची सोय नाही.

(दृश्य: मॉनिटर, केसपेपर)

अकरा नंबरचे आजोबा, न्यूमोनिया. शुद्धीवर आहेत, बोलताहेत, ऑक्सिजन लावलेला नाही. सॅच्युरेशन 94, नाडी 108, वरचं बीपी 104, ताप 101. एकेक आकडा पाहिला तर ‘बघू सकाळी’ म्हणण्यासारखा. फक्त श्वास मिनिटाला 26.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये एक तक्ता काढला, न्यूज (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) नावाचा, पेशंट बिघडतोय का ते ओळखण्यासाठी. 2017 मध्ये तो सुधारला. प्रत्येक नोंदीला गुण. श्वासाचे 3, बाकी चौघांचा एकेक. झाले 7. या तक्त्यात 7 म्हणजे सिनियरला ताबडतोब कळवायचं. ‘एवढ्यासाठी उठवलंस?’ हा प्रश्नच उरत नाही.

(दृश्य: जुनी छायाचित्रं, न्यूयॉर्क)

मार्च 1984. लिबी झायन, वय 18. रात्री तापाने इस्पितळात दाखल झाली, सकाळी मरण पावली. तिला तपासणारे दोघेही शिकाऊ. वरिष्ठ फक्त फोनवर. 1989 पासून न्यूयॉर्क राज्यात नियम आला: रेसिडेंटना आठवड्याला जास्तीत जास्त 80 तास काम. हे जगाला पाठ आहे. वरिष्ठांच्या देखरेखीची अट त्याच नियमात होती, ती कुणी सांगत नाही. या प्रकरणानंतर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. बर्ट्रंड बेल मात्र पुढेही बजावत राहिले की मूळ दुखणं देखरेखीचं आहे.

(दृश्य: नर्सिंग स्टेशन, हातात फोन)

फोनवर सांगायचा क्रम ठरलेला: आधी पेशंट कोण, मग झालं काय, मला काय वाटतं, आणि शेवटी मला काय हवंय. शेवटचंच जड जातं. “सर, तुम्ही येऊन बघायला हवं.”

सर आधी वैतागले. मग म्हणाले, “एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) पाठव, निघतो.”

आजोबा पहाटे आयसीयूत गेले.

(दृश्य: भिंतीवर चिकटवलेला कागद)

हा कागद सिस्टरांनी लावून घेतलाय. स्कोअर 7, आयसीयूत हलवणं, कधीच न केलेली प्रोसिजर, नातेवाईक घरी न्यायला निघाले, किंवा नुसतीच शंका: फोन करायचा, वेळ बघायची नाही. खाली मोबाइल नंबर. लेक्चररांचा आहे, सिनियर रेसिडेंटचा आहे. युनिट हेडचा अजून यायचाय.