परतीचा पाऊस आणि 'तुरळक ठिकाणी'चा घोळ

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट 'दादा पाऊस जाणार कधी' आणि उरलेल्या 'दादा थंडी कधी', म्हणून आज बसलोय.

तारखा पटकन उरकतो. हवामान विभागानं २०२० मध्ये तारखा सुधारल्या, त्यानुसार मान्सून पश्चिम राजस्थानातून १७ सप्टेंबरच्या सुमारास निघतो, मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या आसपास आणि १५ ऑक्टोबरपर्यंत सगळ्या देशातून. सरासरी तारखा आहेत या, त्यामुळे ९ तारखेला 'अजून पडतोय की' म्हणून मला टॅग करू नका, दरवर्षी करता.

आता हा पाऊस जुलैसारखा का नसतो? जुलैमध्ये दिवसभर रिपरिप, विजा फारशा नाहीत. आत्ता सकाळी कडक ऊन, दुपारपर्यंत जमीन तापते, खालची दमट हवा वर उसळते, ढग आडवा न पसरता उभा वाढत जातो आणि चार वाजता धडाड धूम, तासाभरात परत लख्ख. कोकणातल्या कुणालाही विचारा, या दिवसांत ढग समुद्राकडून नाही, सह्याद्रीकडून चाल करून येतात.

बरं, आता माझं डोकं फिरवणारी गोष्ट. अंदाजात लिहिलेलं असतं, 'तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता'. लोक वाचतात काय? 'तुरळक पाऊस'. अरे बाबांनो, तुरळक काय आहे, ठिकाणं! पाऊस मुसळधारच आहे!

आणि हे मी शहाणपणानं सांगत नाहीये, कारण माती मीच खाल्लीये. मामाचं सोयाबीन काढून शेतातच पडलेलं होतं, मला फोन आला की काय म्हणतंय हवामान, मी मोबाईलवर बघून म्हणालो 'तुरळक आहे मामा, उद्या सकाळी झाका निवांत'. संध्याकाळी पाऊण तास असा कोसळला की ढीग खालून वरून भिजला, पुढं शेंगांना कोंब आले. मी अजूनही त्यांच्याकडे गेलो की हवामानाचा विषय काढत नाही. मामी काढते.

आकड्यात सांगतो. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी. बास. किती पडणार याच्याशी त्या शब्दाचा संबंधच नाही. ते सांगतो 'मुसळधार' हा शब्द, म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर, मग एका एकरावर ६४.५ चे झाले जवळपास २ लाख ६० हजार लिटर. दहा हजार लिटरचे २६ टँकर तुमच्या एका एकरात रिकामे केले, याला तुरळक म्हणाल का?

तरी कमेंट येणारच, 'आमच्याकडे थेंब नाही, अंदाज फेल'. अहिल्यानगर जिल्हा घ्या, क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा, १७ हजार चौरस किलोमीटर, १४ तालुके. गडगडाटी ढग असतो काही किलोमीटरचा. त्यातल्या अकोले तालुक्यात झोडपलं आणि जामखेडला धूळ उडाली, तर अंदाज चुकला नाही, तुमचं ठिकाण 'तुरळक'मध्ये नव्हतं एवढंच. उद्या असू शकतं. म्हणून ताडपत्री काढून ठेवा, सकाळीच. एकाने लिहिलं होतं 'यलो अलर्ट म्हणजे काही नाही ना', तर यलो म्हणजे लक्ष ठेवा, 'काही नाही'साठी हिरवा रंग आहे.

विजांचं एकच सांगतो. चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, ३० च्या आत आवाज आला तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे, पक्क्या घरात जायचं. झाडाखाली नाही, झाडाखाली नाही, आंब्याच्या तर नाहीच नाही आणि 'आमच्या आजोबांना काही झालं नाही' ही कमेंट मी पिन करणार नाहीये. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप आहे, फुकट आहे, टाका.

राहिली थंडी. पाऊस गेला की लगेच स्वेटर नसतो मंडळी, मध्ये ऑक्टोबर हीट असते. ढग गेले, ऊन थेट, जमिनीत ओल, त्यामुळे चिकचिक. पण तेच मोकळं आभाळ रात्री जमिनीची उष्णता वर सोडून देतं, हवा कोरडी झाली की आणखी पटकन. म्हणून ऑक्टोबर सरता सरता निफाड, महाबळेश्वरकडे पहाट गार व्हायला लागते आणि मुंबईकर मात्र डिसेंबरपर्यंत पंख्याखालीच. दुपारच्या पाऱ्याकडे बघून थंडी शोधू नका, किमान तापमान बघा, ते आधी उतरतं.