किलोमागं दहा रुपये

नमस्कार मंडळी. लेकीकडं तीन महिने आलोय, मंडळातल्या पोरांनी गाठलं की काका तुमच्या सेवेबद्दल जरा बोला, म्हणून उभा राहिलोय, भाषण काय मला जमत नाही.

आम्ही मिरजेचे. डॉ. वॉनलेसनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून गावात पेशंटची रीघ, कर्नाटकातनं तर बरीच. पेशंटचं खाणं कसंतरी होतं हो, पण बरोबर आलेला माणूस बाकड्यावर बसून बिस्किटाच्या पुड्यावर दिवस काढतो. मग चर्चमधल्या आम्ही चार घरांनी ठरवलं, शनिवारी सकाळी उप्पीट आणि चहा द्यायचा. मला कानडी एवढंच येतं, "ऊट आयता?", म्हणजे जेवण झालं का, तेवढ्यावर भागतं.

वर्गणी नको म्हटलं. दोन महिने येते, तिसऱ्याला लोक फोन उचलत नाहीत (हसू नका, तुमच्याकडंही तेच असणार). कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या पोरांसाठी अंगावरचं सोनं विकलं, आमच्यात तेवढी छाती नव्हती. वजनकाटा होता. सांगलीत हरभट रोडजवळ आमचं भडंगाचं दुकान, तर किलोमागं दहा रुपये डब्यात टाकायचे, आणि नफ्यातनं नाही, विक्रीतनं. नफा किती झाला हे माणूस स्वतःला सोयीनं सांगतो, काट्याला ते जमत नाही.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. चुरमुरा नुसत्या दमट हवेनं सादळतो, इथं तर पाणी उतरल्यावर शटर उचललं तेव्हा पोत्यांत राखाडी लगदा आणि वास असा की आमची ही उंबऱ्यावरच खाली बसली. विक्री शून्य, म्हणजे डब्यातपण शून्य. उप्पीट बंद करून नुसता चहा दिला, घरातल्या साखरेचा. लोकांनी काही विचारलं नाही, मला मात्र लाज वाटली.

लॉकडाऊनमध्ये वेगळंच झालं. भडंग घरनं विकत होतो, व्हॉट्सॲपवर ऑर्डरी, पण कामावरच्या पोराचा पगार निघेना, म्हणून डब्यातले तीन हजार गुपचूप काढले. शनिवारी हिनं डबा मोजला, एक शब्द बोलली नाही, वहीत माझ्या नावापुढं लिहिलं, "उसने ३०००". आठ महिन्यांत फेडले मी. तिनं अजून त्या पानावर काट मारलेली नाही, तीस रुपये कमी आहेत म्हणते.