पित्त म्हणून सोडून दिलेलं दुखणं

गंगावेशला सकाळी म्हशीचं धारोष्ण दूध, मग कटाची मिसळ, रविवारी तांबडा-पांढरा. कोल्हापुरात पोट दुखलं की घरात पहिलं वाक्य ठरलेलं, "पित्त झालंय रं, सोडा पी." बऱ्याचदा ते पित्तच असतंय. पण बेंबीच्या वर उठलेली कळ पाठीत आरपार जातीय, माणसाला उताणं झोपता येईना, उशी पोटाशी आवळून पुढं वाकून बसलाय आणि उलट्या थांबेनात, तर ते स्वादुपिंड असू शकतंय, तिथं सोड्यानं काही होत नाही, दवाखाना गाठायलाच लागतोय.

जठराच्या मागं आडवा पडलेला, साधारण 15 सेंटिमीटरचा हा अवयव. अन्न पचवणारा रस आतड्यात सोडायचा आणि इन्सुलिन रक्तात. पित्ताशयातला खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकला किंवा दारूनं पेशी दुखावल्या की आतड्यात गेल्यावर चालू व्हायचा रस आतच चालू होतो, आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला लागतंय. हा अक्यूट पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज.

बहुतेक जण यातनं बरे होऊन घरी येतात, आणि काळजी मला इथनं पुढची वाटते. खडे तसेच राहिले, दारू-तंबाखू सुटली नाही, तर सूज परत परत येते. काहींच्यात हे जन्मजात जीन्समुळंही होतंय, त्यांनी थेंबभर दारू घेतलेली नसते, त्यांना उगाच बोल लावू नका. दुखणं जुनं झालं की सीटी स्कॅनवर स्वादुपिंडात पांढरे ठिपके दिसतात, ते कॅल्शियमचे खडे. रस कमी पडला की संडास तेलकट, भांड्याला चिकटणारी, आणि खाऊनसुद्धा वजन उतरतंय. मग शुगर लागते. 1889 मध्ये स्ट्रासबर्गला मिंकोव्स्की आणि मेरिंग या डॉक्टरांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं तर त्याला मधुमेह झाला, तेव्हापासनं हे नातं माहिती आहे. या शुगरमध्ये स्वादुपिंडातच तयार होणारं, साखर वर चढवणारं ग्लुकागॉनही कमी पडतंय, म्हणून इन्सुलिन घेताना ती एकदम खाली यायची भीती जास्त.

जुन्या सुजेनं कॅन्सरचा धोकाही वाढतो, सगळ्यांना होतोच असं नाही. पण कधी क्रम उलटा असतोय, शुगर आधी येते आणि तिच्या मागं कॅन्सर लपलेला असतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला अचानक शुगर निघाली, वजनही झरझर उतरतंय, किंवा पोट न दुखता कावीळ झाली, तर नुसत्या गोळ्या घेऊन घरी येऊ नका, सीटी स्कॅन करायला पाहिजे का हे डॉक्टरांना तिथंच विचारा.