गाडी जागची हलत नाही

(टेबलावर मराठी टाइपरायटर. रोलरमध्ये कोरा कागद.)

नमस्कार! आधी फक्त आवाज ऐका.

(खट. खट. खट.)

ही अनुस्वाराची कळ. तीनदा मारली, पण गाडी, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, जागची हलली नाही. टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांना हे माहीत आहे: अनुस्वार, उकार, मात्रा यांच्या कळांनी गाडी सरकत नाही, कारण ती खूण अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी बसवायची असते. म्हणजे एकाच जागी दोन ठसे उमटवणं आपल्या यंत्राच्या रोजच्या कामातच आहे. रोमन टाइपरायटरवर त्यासाठी मुद्दाम मागे यावं लागतं. आणि काही कवी मुद्दाम मागे आले.

रोमन यंत्रावर बारीक ‘आय’ आणि रुंद ‘एम’ दोघांना सारखीच जागा मिळते. पायका टाइपात आडव्या इंचात 10 अक्षरं, उभ्या इंचात 6 ओळी. दोसुतीवर भरतकाम केलंय कधी? तसंच हे. घरं मोजायची आणि टाका घालायचा. फक्त टाका म्हणजे अक्षर.

इंग्लंडात डॉम सिल्व्हेस्टर हूएडार नावाचे बेनेडिक्टाइन साधू मठात राहून ‘ऑलिव्हेट्टी’ टाइपरायटरवर अशा रचना करत. अक्षरांच्या तरंगत्या पायऱ्या, कमानी. सुंदर आहेत, जरूर बघा. पण माझा जीव अडकलाय तो रूथ वोल्फ-रेफेल्ट यांच्यात.

जन्म 1932, जर्मनीतल्या वुर्त्सेन गावी. शिक्षण ऑफिसच्या कामाचं. पुढं त्या पूर्व बर्लिनमध्ये राहिल्या आणि 1970च्या दशकात ‘एरिका’ टाइपरायटरवर चित्रं काढू लागल्या. हो, टाइप केलेली चित्रं. अक्षरांच्या लाटा. विरामचिन्हांचे पिंजरे. एखादा शब्द इतक्या वेळा शेजारी-शेजारी येतो की तो वाचायचा की बघायचा, हे डोळ्यांना ठरवता येत नाही.

(कॅमेरा रोलरजवळ.)

लाट कशी येते बघा. रोलरची मूठ हातानं अगदी थोडी फिरवायची. अक्षर ओळीच्या जरा वर बसतं. पुढचं आणखी वर. मग खाली. पण एक घर चुकलं की पुसायची सोय नाही, कागद नवा. त्यांच्या रचना बघताना मला हीच गोष्ट थक्क करते. पानभर शेकडो ठोके, आणि हात कुठेही घाईत नाही.

पूर्व जर्मनीत छपाईवर सरकारची नजर होती. कार्बन पेपर मात्र घरात होता. प्रती काढायच्या, पाकिटात घालायच्या आणि टपालानं देशोदेशीच्या कलावंतांना पाठवायच्या. ‘मेल आर्ट’ म्हणतात ते हेच. त्या देशात पत्रं फोडून वाचणारी माणसं होती. त्यांना या पाकिटात सापडायची ती नुसती अक्षरांची लाट. मला वाटतं, तिच्यात धरण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून ती जास्त दूर गेली.

1989मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि त्यानंतर रूथबाईंनी ही कला थांबवली. ज्या बंद दारातून त्या हे सगळं बाहेर पाठवत होत्या, ते दारच उघडलं होतं.

पुढं 2017मध्ये ‘डॉक्युमेंटा’ या मोठ्या प्रदर्शनात त्यांचे कागद भिंतीवर लागले. तेव्हा त्या 85 वर्षांच्या होत्या. 2024मध्ये त्या गेल्या.

(कागद रोलरमधून काढून उजेडापुढे धरते.)

हा आपला कागद. मागून बघा. अनुस्वार जिथं तीनदा मारला, तिथं भोक पडलंय. उजेड आत येतोय.