लुकलुकणारा लाल दिवा : मोटारीच्या ऑइल प्रेशरविषयी

(सोलापुरात मोटारचालक आणि तरुण मेकॅनिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, मीटरवरचा तेलाच्या कुपीचा लाल दिवा सतत पेटलेला असेल तर काय करायचे ते तरी ठरलेले असते. इंजिन तत्काळ बंद करायचे आणि गाडी ओढून न्यायची. माणूस फसतो तो मधूनच लागून विझणाऱ्या दिव्यापुढे. सिग्नलला थांबल्यावर तो लुकलुकतो, जरा रेस दिली की जातो, आणि गॅरेजमध्ये दाखवायला न्यावी तर तासभर लागतच नाही. अशा वेळी मालक म्हणतो, ‘स्विच खराब असेल, बदलून टाका.’ तसे असूही शकते. पण ते सिद्ध करायचे असते, गृहीत धरायचे नसते.

हा दिवा चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात, तेल किती आहे हे सांगत नाही, दाब आहे की नाही एवढेच सांगतो. जुन्या व साध्या मोटारींत इंजिनवर एक छोटा स्विच असतो. दाब नसताना त्याचा संपर्क जुळलेला असतो, त्यामुळे चावी फिरवताच दिवा लागतो; इंजिन सुरू होऊन दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचे एकक) वर गेला, की आतला पडदा दाबला जाऊन संपर्क सुटतो आणि दिवा विझतो. ही मर्यादा फारच खालची आहे. म्हणजे दिवा विझलेला असणे हे इंजिनाच्या प्रकृतीचे प्रमाणपत्र नव्हे, आणि तो खरोखर दाबामुळे लागला असेल तर बेअरिंगपर्यंत, म्हणजे फिरत्या भागांना आधार देणाऱ्या कड्यांपर्यंत, तेल जवळजवळ काहीच पोचत नाही असे समजावे. याच रचनेतून आणखी एक गोष्ट निघते. स्विचची वायर तुटली तर दिवा कधीच लागणार नाही, चावी फिरवल्यावरही नाही; पण तीच वायर सोलून इंजिनच्या लोखंडाला टेकली, तर दाब उत्तम असतानाही दिवा लागेल.

पंप दाब निर्माण करतो असे आपण बोलतो, पण पंप फक्त तेल ढकलतो. दाब तयार होतो तो त्या तेलाला होणाऱ्या अडथळ्यामुळे. आपल्याकडे काही दिवसांनी नळाला पाणी येते, तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनी एकदम तोट्या सोडल्या तर वरच्या मजल्यावर धार चढत नाही, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते. ती झिजून वाढली की प्रत्येक बेअरिंग ही सुटलेली तोटी होते. त्यात तेल तापून पातळ झालेले आणि आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसते चालू असताना, पंप संथ, म्हणून अशा इंजिनाचा दिवा नेमका गरम गाडी थांबलेली असताना लुकलुकतो. मे महिन्यात ही तक्रार वाढते आणि दोष उन्हाला दिला जातो. परंतु चाललेल्या इंजिनातले तेल हिवाळ्यातही शंभर अंशांच्या आसपास जाते. ऊन थोडी भर घालते, एवढेच.

म्हणून गाडी पाहण्याआधी मी मालकाला विचारतो, दिवा नेमका केव्हा लागतो? वळणावर किंवा करकचून ब्रेक मारल्यावर लागत असेल तर तेल कमी आहे, ते एका बाजूला सरते आणि पंप हवा ओढतो. वेगात, वरच्या रेसला लागत असेल तर चेंबरमधल्या जाळीवर गाळ बसला असण्याचा संशय घ्यावा, आणि ही गाडी एक किलोमीटरही चालवू नये. थंड इंजिन सुरू करताना दोन-चार सेकंद रेंगाळत असेल, तर फिल्टरमधली तेल अडवून धरणारी झडप गळते का ते पाहावे. खड्ड्यात किंवा गतिरोधकावरच लागत असेल तर वायर तपासावी. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी याच तक्रारीवरून हाफ इंजिनचे, म्हणजे इंजिन उघडून करायचे मोठे काम करून घेतले. गाडी घरी आणताना पहिल्याच गतिरोधकावर दिवा पुन्हा लागला. वायर एका पट्टीवर घासून सोलली होती.

तपासणीची सुरुवात डिपस्टिकपासून, म्हणजे तेलाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीपासून. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटे झालेली. पातळी आपोआप वाढली असेल आणि तेलाला पेट्रोलचा वास येत असेल, तर इंधन मिसळून तेल पातळ झाले आहे. मग कनेक्टर काढावा; त्यात तेल झिरपलेले दिसले तर स्विच फुटला आहे. पण शेवटचा निर्णय यांत्रिक गेज, म्हणजे काट्याचा दाबमापकच देतो. स्विच काढून त्याच आट्यांवर गेज बसवावा, इंजिन पूर्ण तापवावे, आणि आयडलिंगला व मिनिटाला दोन हजार फेऱ्यांना आकडा लिहून घेऊन तो कंपनीच्या पुस्तिकेशी ताडावा. दर हजार फेऱ्यांना दहा पीएसआय (हेही दाबाचेच एकक) हा गॅरेजमधला हिशेब अंदाजापुरता ठीक आहे. पुस्तिकेचा आकडा वेगळा असेल तर तोच धरावा. गेज योग्य दाखवत असेल तर स्विच व वायर बदलून विषय संपवावा. गेजही खाली येत असेल, तर चेंबर उतरवून आधी जाळी, मग पंपाची रिलीफ झडप (जादा दाब सोडून देणारी), आणि त्यानंतरच बेअरिंग पाहावे, कारण खर्चही याच क्रमाने वाढत जातो.

जाड तेल घालून दिवा घालवण्याचा उपाय मात्र मला मान्य नाही. त्याने गरम इंजिनातला आकडा चढतो, फट तेवढीच राहते, आणि सकाळी थंड इंजिनात तेच तेल वरपर्यंत पोचायला जास्त वेळ घेते. गाडी विकायला काढलेल्यांना हा उपाय फार आवडतो. तेव्हा जुनी गाडी घेताना ती तापवून, आयडलिंगवर ठेवून आणि आत कोणते तेल आहे ते विचारूनच घ्या.